तळटीप १७ : ओटिस रेडिंग

१७. ओटिस रेडिंग (१९४१–१९६७) : अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला सोल गायक. चर्चमधले गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी घडवलेली गायकी म्हणजे सोल. १९६२ साली तो मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत आला, तो गिटारवादक जॉनी जेन्किन्सची गाडी चालवत. जेन्किन्सच्या ध्वनिमुद्रणातून उरलेल्या थोड्या वेळात ओटिसला गायला मिळाले आणि ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ नोंदले गेले. गायिका अरीथा फ्रँकलिनमुळे जगभर पोहोचलेले ‘रिस्पेक्ट’ हे गाणे मुळात त्याचेच (१९६५). हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

मजकुरातले ‘धक्क्यावरचे गाणे’ म्हणजे ‘द डॉक ऑफ द बे’. त्यातले आपले गायन नोंदवून झाल्यावर काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ रोजी, विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तलावात विमान कोसळून ओटिस गेला. वय अवघे २६. सहलेखक स्टीव्ह क्रॉपरने गाण्यात लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज मिसळून ते पुरे केले. मार्च १९६८मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. लेखिकेने उल्लेखिलेली शीळ या गाण्याच्या शेवटी, शब्द संपल्यावर, ऐकू येते.