वंशावळींतील परक्या स्त्रिया

संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभींची वंशावळ वाचतांना भाविक बहुधा कंटाळतात, नांवांमागून नांवें! परंतु चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग पाडतांना सुवार्तिकानें अहज्या, योआश व अमस्या हे तीन राजे खुशाल गाळले, आणि यरीहोची वेश्या राहाब मात्र ठेविली. रूथ तर मवाबी. मवाब्यास दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नाहीं, असा मोशेच्या नियमशास्त्राचा निर्बंध. तरी तिचा पुत्र ओबेद, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद! कुळाभिमान्यांनीं येथें क्षणभर थांबावें. रूथनें सासूचा देव आपला मानिला, एवढीच तिची कुलीनता.

योसेफापाशीं तर पित्यापासून पुत्र हा क्रमच खुंटतो. येशू जन्मला तो मरियेच्या उदरीं. योसेफानें त्या बालकाचें नांव ठेविलें, आणि तेवढ्यानें तें दावीदाच्या घराण्यांतलें झालें.