निष्क्रिय सांधेचालन (मज्जारज्जूची इजा)

निष्क्रिय सांधेचालन हा मज्जारज्जूस इजा झालेल्या व्यक्तींसाठी वापरला जाणारा फिजिओथेरपीतील एक उपचार होय. रुग्णाचे स्नायू काम करीत नसल्याने त्याचे सांधे दुसऱ्या व्यक्तीने हाताने सावकाश फिरवायचे असतात. सांधे आखडू नयेत आणि बसणे, कपडे घालणे, चाकाच्या खुर्चीत जाणे शक्य राहावे, हा त्याचा हेतू. या उपचाराने खंडित झालेला मज्जामार्ग जुळत नाही आणि लुळ्या स्नायूंत बळही येत नाही. तशी आश्वासने निराधार होत.

पद्धत

सांध्याच्या वरचा भाग एका हाताने स्थिर धरून खालचा भाग दुसऱ्या हाताने हलवितात. स्नायू ताठरल्यास जोर न लावता ते सैल होईपर्यंत थांबतात. रुग्णास वेदना जाणवत नाही आणि भार न पडल्याने हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यामुळे घाईने मांडीचे हाडही मोडू शकते. पोटरी किंवा मांडी अचानक सुजल्यास चालन थांबवून डॉक्टरांना दाखवावे लागते.

बोटांबाबत विशेष दक्षता आवश्यक असते. मानेतील सहाव्या पातळीखालील मज्जाकार्य गेलेल्या रुग्णास मनगट वर उचलता येते. ते उचलताच किंचित आखूड राहिलेल्या स्नायुबंधांमुळे बोटे आपोआप मिटतात आणि हलकी वस्तू धरता येते. मनगट व बोटे एकाच वेळी सरळ ताणत राहिल्यास ही पकड नाहीशी होते. घरची माणसे मायेपोटी नेमके हेच करतात.

परिणामकारकता

ताण देण्याच्या उपचारांवरील प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेने 2017 मध्ये आढावा घेतला. मज्जासंस्थेच्या विकारांत अशा उपचाराने सांध्याच्या हालचालीत रुग्णाला जाणवेल एवढा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही योग्य स्थितीत झोपविणे, कूस बदलणे यांच्या जोडीने सांधेचालन प्रचलित आहे.

महाराष्ट्रात

मुंबईत हाजी अली येथे 1955 पासून भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. पुण्याजवळ खडकी येथे 1974 मध्ये जायबंदी सैनिकांसाठी पक्षाघात पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या डोंगराळ तालुक्यांत वाड्या विखुरलेल्या असल्याने रोज उपचारकेंद्र गाठणे कठीण जाते. रुग्णालयातून घरी सोडल्यावर हे काम बहुधा आई, पत्नी किंवा भावाकडे येते. म्हणूनच सोडण्यापूर्वी त्यांच्याकडून ते प्रत्यक्ष करवून घेणे, विशेषतः बोटांची बाब दाखविणे, महत्त्वाचे ठरते.