लाल डगला आणि पटकीचा पट्टा

आज लढाई नाही, कपडे.

मी नवा लेफ्टनंट होतो. उत्तरेतली एक छावणी, जून महिना, मेसमध्ये रात्रीचं जेवण. वीज गेलेली. सगळ्यांच्या गळ्यात टाय, आणि सर्वांत ज्येष्ठ साहेब स्वतःची गाठ सैल करेपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साहेबांनी शेवटपर्यंत केली नाही. घाम पुसत मनात म्हटलं, ही रीत आली कुठून?

कंपनी सरकारचा गोरा शिपाई इथं उतरला तो विलायतेतला लोकरी लाल डगला घालून. गळ्याला कातड्याचा ताठ पट्टा, मान वर राहावी म्हणून. आपल्या हिंदी शिपायांनाही त्याच घाटाचे तंग डगले चढवले. ऊन कळत नव्हतं असं नाही. उन्हाळ्यासाठी पांढरे सुती कपडे पुढं आलेच. पण कवायतीत शिपाई शिपायासारखा दिसला पाहिजे, हा हट्ट. कपडा घालणाऱ्यासाठी नव्हता, बघणाऱ्यासाठी होता.

1857 च्या मे अखेरीस मेरठहून दिल्लीकडे निघालेल्या इंग्रज फौजेची हिंडन नदीवर गाठ पडली. तिथं गोळ्यांबरोबर उन्हानंही गोरे शिपाई दगावले. पुढं दिल्लीच्या वेढ्यात पलटणींनी पांढरे कपडे मिळेल त्या रंगात बुडवून मळकट करून घेतले. पांढरा रंग लांबून दिसतो, हेही कारण होतंच.

ही युक्ती नवी नव्हती. 1846 साली पेशावरला हॅरी लम्सडेननं ‘गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि तिला सैल, मातकट कपडे दिले. फारसीत खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. मला गंमत वाटते ती ही, की शहाणपण सरहद्दीवर सुचलं, जिथं तपासणीला येणारे साहेब कमी. उठाव शमला तशा बऱ्याच पलटणी पुन्हा लाल-पांढऱ्याकडे वळल्या. हिंदी फौजेनं खाकी सर्रास स्वीकारली ती 1885 च्या सुमारास, आणि खुद्द विलायतेत ती रोजचा लष्करी पोशाख झाली 1902 मध्ये.

पण लोकर अंगावरून पुरती उतरली नाही. पोटाला गारवा लागला की पटकी होते, अशी डॉक्टरांची समजूत. म्हणून कमरेला फ्लॅनेलचा रुंद पट्टा, भर वैशाखातही. त्याचं इंग्रजी नावच ‘कॉलरा बेल्ट’. घामानं कातडी सोलवटत असेल, पुरळ येत असेल. हुकूम तो हुकूम. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये 1854 सालीच दाखवलं होतं. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांना तिचे जंतू कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात सापडले. म्हणजे आपल्याच देशात, छावण्यांपासून हाकेच्या अंतरावर.

पट्टा मात्र 1914 च्या महायुद्धातही शिपायांच्या कमरेला होताच.