निलंबित परवाना आणि भरपाईचा प्रश्न

परवाना निलंबित असताना कोणी गाडी चालवली आणि माणूस दगावला, तर विमा कंपनी पैसे देते का? एवढा एकच प्रश्न धरून मी जुनी कलमं चाळली.

१९३९च्या मोटार वाहन कायद्यानं त्रयस्थासाठी विमा सक्तीचा केला. ते प्रकरण अमलात आलं १ जुलै १९४६ला. पण विनापरवाना किंवा अपात्र ठरलेला चालक वगळण्याची अट घालायला कलम ९६नं कंपनीला मुभा दिली. चूक चालकाची, फटका मृताच्या घराला!

१९८७मध्ये आपल्या गुजरातेतून गेलेलं स्कँडिया अपील सर्वोच्च न्यायालयानं निकालात काढलं. ड्रायव्हर ट्रक सोडून उतरला, विनापरवाना क्लीनरनं तो चालवला. न्यायालयानं विचारलं, अट मालकानं स्वतः मोडली का? नाही, म्हणून कंपनीनं द्यावं.

१९८८च्या नव्या कायद्यातही कंपनीचा बचाव राहिलाच. अखेर २००४च्या स्वरणसिंग निकालानं वाट आखून दिली: मालकाची हयगय कंपनीनं सिद्ध करायची, ती झाली तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं, मग तिनं मालकाकडून वसूल करावी.

हप्ता गाडीवाला भरतो, पण तो विमा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा आहे. एवढं ठरायला ५८ वर्षं गेली.