दुष्टांची एकी

लोकप्रिय कथांच्या वाचकाला एक प्रसंग फार ओळखीचा असतो. नायकाने एका शत्रूला हतबल केलेले असते. आता कथा संपणार असे वाटत असतानाच तो पराभूत शत्रू रातोरात सीमा ओलांडून दुसऱ्या एखाद्या राजाच्या दरबारी उभा राहतो. या दोघांचे आजवर एकमेकांशी काही देणेघेणे नसते; कधी कधी तर वैरच असते. तरी नायकाचे नाव निघताच दोघे एका आसनावर बसतात, विडे उचलले जातात आणि कथा पुन्हा नव्या दमाने चालू लागते. ‘चोर चोर मावसभाऊ’ ही आपली म्हण वाचकाच्या ओठांवर येते आणि तो पुढचे पान उलटतो.

या प्रसंगाचा इतिहास पाहावा, असे आम्हांला फार दिवस वाटत होते. कथाकारांना दुष्टांची एकी इतकी का आवडावी, ती एकी शेवटी मोडते ती कशाने, आणि कथेतला हा साचा आपण नकळत इतिहासावर बसवतो तेव्हा काय घडते, असे तीन प्रश्न येथे आहेत. पहिले दोन साहित्याचे आहेत. तिसरा मात्र आपल्या सर्वांचा आहे.

प्रारंभ जरासंधापासून करावा लागतो. कंसवधानंतर मथुरेवर जे संकट कोसळले ते कोणा एका राजाचे नव्हते. जरासंधाला जावयाच्या वधाचा सूड हवा होता. अस्ति आणि प्राप्ति या त्याच्या दोन्ही मुली कंसाला दिलेल्या होत्या. शिशुपाल त्याचा सेनापती झालेला होता, आणि पुढे रुक्मिणीहरणाने त्याच्या मनात कृष्णद्वेषाला स्वतंत्र कारण मिळाले. कालयवन तर दूर देशीचा. हरिवंशात त्याला या वैरात ओढून आणले जाते. प्रत्येकाचे दुखणे निराळे, पण बोट एकाकडेच. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कालयवनाचा नाश मुचकुंदाच्या दृष्टीने होतो, तर जरासंधाचा भीमाच्या हातून, निराळ्या काळी आणि निराळ्या स्थळी. हे मित्र एकत्र येतात, पण एकत्र लढून एकत्र पडत नाहीत. त्यांची एकी साखळीसारखी आहे; एक कडी तुटली की कथा दुसरीपाशी जाते. शिवाय शत्रू अनेक आणि प्रबळ असले म्हणजे नायकाला कपटाचीही मुभा मिळते. कृष्ण, भीम आणि अर्जुन स्नातक ब्राह्मणांच्या वेषात गिरिव्रजात शिरतात, तेव्हा श्रोत्याला ते खटकत नाही. कारण शेकड्याजवळ राजे बंदीत टाकणाऱ्या जरासंधाचे बळ त्याने आधीच ऐकलेले असते.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त ही कल्पना अधिक सूक्ष्म झाली आहे. चंद्रगुप्ताविरुद्ध मलयकेतू, नंदांचा एकनिष्ठ अमात्य राक्षस आणि कुलूत, मलय, काश्मीर, सिंधू व पारसीक या देशांचे पाच राजे असा मोठा संघ उभा राहिलेला असतो. चाणक्य या संघाशी युद्ध करीत नाही. तो त्यात संशय पेरतो. राक्षसाची मुद्रा, शकटदासाच्या हातचे अक्षर आणि योग्य वेळी पकडला जाणारा पत्रवाहक एवढ्या सामग्रीवर तो असे घडवून आणतो की मलयकेतू आपल्याच पाच मित्रांना मृत्युदंड देतो आणि राक्षसाला हाकून लावतो. एकी बाहेरून फुटत नाही. ती आतून पोखरली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याच्या नावातच राक्षस आहे तो या नाटकात दुष्ट नाही. तो स्वामिनिष्ठ आहे, आणि त्याच्या या गुणासाठीच चाणक्याला तो चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून हवा आहे. शत्रुसंघातला माणूस दुष्टच असला पाहिजे असे नाही, हे या जुन्या नाटककाराने जाणले होते.

मध्ययुगात हा साचा सर्वांत विस्ताराने वापरला तो दास्तानगोंनी. अमीर हमजाच्या कथा फारसीतून हिंदुस्थानात आल्या. अकबराच्या चित्रशाळेत सुमारे १५६२ पासून पंधरा वर्षे त्यांची चित्रे रंगविली जात होती. आमच्या हैदराबादेतही कुतुबशाहीच्या काळी हमदानहून आलेल्या एका किस्साख्वानाने या कथेची फारसी पोथी सिद्ध केली. पुढे लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने उर्दू दास्तानांचे शेचाळीस प्रचंड खंड काढले. त्यांतील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ महंमद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांनी १८८३ ते १८९३ या काळात लिहिला.

या दास्तानात लका नावाचा एक पुरुष आहे. तो स्वतःला ईश्वर म्हणवितो आणि हमजापुढे पळत राहतो. एका राज्यात पराभव झाला की दुसऱ्यात आश्रय घेतो. तेथला राजा त्याच्यासाठी लढतो आणि मरतो वा शरण येतो, की लकाची स्वारी पुढे निघते. शेवटी तो जादूगारांचा सम्राट अफरासियाब याच्याकडे साहाय्य मागतो आणि त्यातून होशरुबाचा सात खंडांचा विस्तार होतो. रात्रीमागून रात्र श्रोत्यांना बसवून ठेवायचे असेल तर शत्रू संपून चालत नाही, आणि तोच तो शत्रू पुन्हा पुन्हा जिंकूनही चालत नाही. त्यासाठी त्याला नवनवे मित्र मिळावे लागतात. पण गळतीही येथेच सुरू होते. महरुखसारखी समर्थ जादूगारीण अफरासियाबाला सोडून हमजाच्या पक्षाला मिळते. त्याच्या राणीची, हैरतची, सख्खी बहीण बहारही तेच करते. अफरासियाबाचे साम्राज्य त्याच्या आप्तांच्याच हातून झिजू लागते.

या दास्तानांचा वारसा देवकीनंदन खत्री यांनी काशीत बसून हिंदीत आणला. खत्री यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तेथील डोंगर, गुहा आणि पडके गड त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ प्रसिद्ध होऊ लागली, आणि ती वाचता यावी म्हणून अनेकांनी देवनागरी अक्षरे गिरविली, ही गोष्ट हिंदी साहित्याच्या इतिहासकारांनी आवर्जून नोंदविली आहे. १९९४ मध्ये ती दूरदर्शनवर आली, तेव्हा हिंदी प्रांतांत राहणाऱ्या मराठी घरांतूनही क्रूरसिंग हे नाव मुलांच्या तोंडी बसले.

या क्रूरसिंगाची गोष्ट आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. तो विजयगढच्या वजिराचा मुलगा. राजकन्या चंद्रकांतेशी विवाह करून गादी मिळवावी, हा त्याचा हेतू. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि त्याचा ऐयार तेजसिंह यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही, म्हणून तो चुनारगढच्या शिवदत्ताकडे जातो. शिवदत्ताला या भांडणात ओढण्यासाठी त्याच्यापाशी एकच आमिष आहे, ते म्हणजे चंद्रकांतेचे रूप. अर्थात जिच्यासाठी हे सारे आरंभिले तीच तो मित्राच्या अभिलाषेला अर्पण करतो. ही एकी जन्मतःच दिवाळखोर आहे. वीरेंद्राला हरविण्याच्या मोबदल्यात क्रूरसिंगाने स्वतःचा हेतूच विकून टाकला आहे. दुष्टांच्या मैत्रीचे इतके अचूक गणित आम्हांला फार थोड्या ठिकाणी आढळले. आणि येथेही गळती आहेच: शिवदत्ताच्या पदरचे ज्योतिषी जगन्नाथ वीरेंद्राच्या पक्षाला येऊन मिळतात.

येथवरच्या प्रवासातून कथाकारांची नीती स्पष्ट दिसते. सज्जनांची एकी स्नेहावर उभी असते, दुष्टांची केवळ समान द्वेषावर. द्वेषाचे लक्ष्य दूर असते तोवर ती टिकते. लूट वाटण्याची वेळ आली की मोडते. ही नीती मनाला धीर देते. संकटे संघटित होऊन आली तरी ती आपसांत भांडून नष्ट होतील, असा विश्वास सामान्य माणसाला हवा असतो, आणि कथा तो पुरविते. त्यात गैर काही नाही.

गैर होते ते पुढे. हाच साचा आपण इतिहासाला लावू लागतो. आम्ही गोवळकोंड्याच्या सावलीत राहतो, म्हणून उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २३ जानेवारी १५६५ रोजी दक्षिणेतील सुलतानांच्या संयुक्त सैन्याने विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला. राक्षसतागडीची, किंवा तालिकोटची, ही लढाई आपल्या मनात कथेच्याच रूपाने वसली आहे: एकीकडे एकाकी नायक, दुसरीकडे एकवटलेले खल. पण त्याआधीची पाने उलटून पाहिली म्हणजे काय दिसते? गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा १५४३ ते १५५० अशी सात वर्षे भावाच्या भयाने विजयनगरातच आश्रयाला होता, रामरायाचा पाहुणा म्हणून. विजापूरच्या अली आदिलशहाने तर १५५८ च्या सुमारास रामरायाच्याच साहाय्याने अहमदनगरवर स्वारी केली होती. रामराय वर्षानुवर्षे या सुलतानांच्या भांडणांत आज याचा, उद्या त्याचा पक्ष घेत आला होता. प्रत्येक तहात त्याचे वजन वाढत होते आणि प्रत्येकाच्या मनात त्याचे भय. विजयनगरच्या सैन्यातही मुसलमान सरदार होते. ही एकी घडली ती सोयरिकींनी: हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अलीला दिली गेली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला, अलीची बहीण हुसेनच्या पुत्राला. भय, सोयरीक आणि एक किल्ला, इतकी ही साधी सामग्री होती. आणि एकी टिकली किती? १५७४ मध्ये अहमदनगरने वऱ्हाडची शाही गिळली. १६१९ मध्ये विजापूरने बिदरची.

हरिभाऊ आपट्यांनी ‘वज्राघात’ लिहिताना हा मोह आवरला, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटत आले आहे. विजयनगरच्या नाशाचे बीज त्यांनी केवळ शत्रूंच्या कटात ठेवले नाही. मेहेरजान या स्त्रीची जी वंचना झाली तीत, म्हणजे रामराजाच्या स्वतःच्या पूर्वायुष्यात, ते शोधले. ते कल्पित आहे खरे. पण या कल्पिताची दिशा सत्याकडे आहे.

कथेला खल लागतात, आणि त्यांनी एकत्र यावे हेही कथेच्या हिताचे असते. आम्ही स्वतः क्रूरसिंगाचा दरबार पुन्हा वाचावयास मिळाला तर सोडणार नाही. पण इतिहासाचे पुस्तक उघडताना आपण एवढी सवय लावून घ्यावी: ‘हे सारे एक झाले’ असे वाक्य समोर आले की पान मागे उलटावे, आणि हे सारे त्यापूर्वी कोणाच्या पंक्तीला जेवत होते ते पाहावे. विशाखदत्ताला शत्रुसंघात एक एकनिष्ठ अमात्य दिसला होता. ज्या शहरात चार भाषा आणि अनेक धर्म शतकानुशतके एका भिंतीआड नांदत आले, तेथे राहणाऱ्या आपल्याला तेवढी दृष्टी ठेवणे भागच आहे.