मुंबईचा पडलेला कोट

मुंबईंत ज्या भागाला ‘कोट’ म्हणतात, तेथें आतां कोट नाहीं. चर्चगेट आहे, पण वेस नाहीं. बझारगेट हें नांव लोकांच्या तोंडीं आहे, पण दरवाजा कोठेंच दिसत नाहीं. वास्तु नाहींशी व्हावी आणि नांव मागें उरावें, असें शहरांच्या इतिहासांत पुष्कळदां घडतें. परंतु तो कोट कां पाडला, त्याच्या जागीं काय उभें राहिलें, आणि या उलथापालथीचा लाभ कोणाच्या पदरीं पडला, हें पाहिल्यावांचून मुंबईच्या कोटाची कथा पुरी होत नाहीं.

इंग्रज कंपनीच्या वसाहतीभोवतींचा हा तट अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकीर्दींत पुरा झाला. अपोलो, चर्च आणि बाजार असे त्याला तीन दरवाजे होते. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई सर केली, तेव्हां मुंबईच्या व्यापाऱ्यांना धडकी भरली आणि तटाभोवतीं खंदक खणण्यासाठीं त्यांनीं ३०,००० रुपयांची वर्गणी जमविली. पुढें १८१८ सालीं पेशवाई बुडाली. ज्या शत्रूच्या धाकानें खंदक खणला, तो शत्रूच उरला नाहीं. मग तट संरक्षक न राहतां अडसर झाला. खंदकांत घाण साचूं लागली, तटाआड वारा अडूं लागला, आणि अरुंद दरवाज्यांतून वाढत्या व्यापाराची वाहतूक होईना.

दरम्यान कोटाबाहेर दुसरें शहर वाढत होतें. १८०३ सालच्या फेब्रुवारींत लागलेल्या प्रचंड आगींत कोटाचा सुमारे एकतृतीयांश भाग जळाला. त्यानंतर एतद्देशीय रहिवाशांची मोठी वस्ती उत्तरेकडे मांडवी, भुलेश्वर या बाजूस सरकली. तिच्या आणि कोटाच्या मध्यें, तोफांच्या माऱ्याला आड येऊं नये म्हणून, विस्तीर्ण मैदान मोकळें ठेविलें होतें. अशा रीतीनें एका बेटावर दोन शहरें नांदूं लागलीं.

१८६२ सालीं सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले आणि त्यांच्या अमदानींत तटाला पहार लागली. योगही असा कीं, १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस बंद पडल्यामुळें इंग्लंडच्या गिरण्यांचा पैसा मुंबईकडे वाहूं लागला. तट पाडून मोकळी झालेली जमीन विकावी आणि त्या रकमेंतून सार्वजनिक इमारती बांधाव्या, अशी योजना ठरली. चर्चगेटच्या जागीं १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन हें कारंजें उभें राहिलें. जुन्या ‘ग्रीन’वर पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेप्रमाणें वर्तुळाकार उद्यान आणि त्याभोवतीं कमानदार इमारती झाल्या, तेंच पुढें हॉर्निमन सर्कल. १८६५ सालीं शेअरांचा फुगा फुटला आणि अनेक धनिक धुळीस मिळाले, तरी बांधकाम थांबलें नाहीं. सचिवालय आणि विद्यापीठाचें सभागृह १८७४ सालीं, तर उच्च न्यायालय १८७८ सालीं पुरें झालें. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभारलेला राजाबाई मनोराही १८७८ सालचाच. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ही रांग आणि समोरच्या भरावावर नंतर झालेल्या इमारती मिळून २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेल्या.

हें वैभव खरेंच डोळ्यांत भरणारें आहे. परंतु मैदानापलीकडच्या शहराला त्यांतून काय मिळालें? गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांही ती वस्ती गजबजलेलीच होती. पुढें गिरण्या वाढल्या, माणसें वाढलीं. रस्ते आणि गटारें मात्र त्या मानानें वाढलीं नाहींत. १८९६ सालीं मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वराची सांथ ओळखली, ती मांडवींत. लोक हजारोंनीं मेले, त्याहून अधिक पळून गेले, आणि व्यापार बसला. तेव्हां कोठें सरकारचें लक्ष त्या गल्ल्यांकडे वळलें.

१८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्यानें दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. पश्चिमेचा समुद्रवारा आंत खेळावा, हा त्यांतील एक हेतु होता. हेतु चांगला; पण घरें जितक्या वेगानें पाडलीं, तितक्या वेगानें बांधलीं नाहींत. नवीं भाडीं गरिबाला परवडेनात आणि कामापासून दूर जाणें त्याला शक्य नव्हतें. मग बेघर झालेला भाडेकरी शेजारच्या चाळींत शिरे, आणि एका गल्लींतली गर्दी दुसरींत जाई. १९३३ सालीं ट्रस्टचें काम नगरपालिकेकडे गेलें. तो प्रश्न मात्र सुटला नव्हता.

या दोन पाडापाडींतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. तट पाडला, तेव्हां कोणाचें बिऱ्हाड मोडलें नाहीं. दगड हलले आणि जागा हातीं आली. वस्ती पाडली, तेव्हां तेथें माणसें राहत होतीं. ‘जागा मोकळी केली’ हे शब्द दोहोंसाठीं सारखेच वापरले गेले, आणि तेथेंच घोटाळा झाला. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत जुन्या किल्ल्याच्या भिंतीचा तुकडा शिल्लक आहे. पण प्रिन्सेस स्ट्रीटसाठीं उठविलेल्या बिऱ्हाडांची खूण कोठेंच ठेविलेली नाहीं. शहर सुधारणाऱ्यानें जागेची मोजणी करावी, तशी तेथून उठणाऱ्या माणसांचीही आधीं करावी, हाच या इतिहासाचा बोध आहे.