डबा कोणाच्या हातात? पांढुर्णा-सौंसरचे तालाचे खेळ आणि त्यांचे बघे

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच खेळ आठवतो, तो म्हणजे गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधे दिवसभर दगड. याचं वर्णन दरवर्षी छापून येतं, म्हणून इथे लांबवत नाही. मला लिहायचं आहे ते याच दोन तहसिलींतल्या दुसऱ्या तीन खेळांबद्दल. पोळ्याची झडती, पोरींची भुलाबाई आणि आखाड्या-शाळेतली लेझीम. तिन्ही उघड्यावर चालतात, तिन्ही तालावर चालतात, आणि तिन्हींभोवती माणसं गोळा होतात. ही गोळा झालेली माणसं तिथे नेमकं काय करतात, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

माझी नोकरी यंत्रांत गेली. यंत्रातला एखादा भाग काहीच करत नाही असं दिसलं, तर आम्ही आधी तो काढून पाहतो. यंत्र बंद पडलं की कळतं, त्याला काम होतं. बघ्यांबद्दल मी असाच विचार करत गेलो. बघे काढून टाकले तर खेळ चालतो का?

हा मुलूख कोणाचा

वाचकांपैकी काही पुण्या-मुंबईचे आहेत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. नागपूर शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह हा देवगडचा, आणि देवगडचा किल्ला छिंदवाडा जिल्ह्यात आहे. पुढे हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३ साली तिसरे रघुजी वारले, वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्यासोबत पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसंही राहिली. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.

म्हणजे कचेरीची भाषा हिंदी आणि अंगणाची भाषा मराठी, असं इथे सत्तर वर्षं चाललंय. घरातली भाषा टिकते कशी, हे पाहायचं तर कागदपत्रांपेक्षा खेळ जास्त सांगतात. कारण खेळाला सही-शिक्का लागत नाही.

झडती : हाळीला हाळी

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की सजवलेले बैल तोरणाखाली रांगेत उभे करतात. मग एखादा शेतकरी गळा ताणून झडती म्हणतो. झडती धड गाणं नाही, धड बोलणंही नाही. यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी, ठेक्यात फेकलेल्या. काही महादेव-पार्वतीच्या असतात, काही सरळ पोटाच्या असतात. कापसाचा भाव, सावकार, पुढारी, कोणीच सुटत नाही. शेवटची ओळ पडली की जमलेले सगळे लोक एकदम "हर हर महादेव" करतात, आणि तो आवाज विरायच्या आत रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून उलट झडती येते.

इथे बघ्याचं काम सरळ दिसतं. झडती म्हणणारा ठेका उचलतो आणि जमाव तो खाली ठेवतो. जमावाने तोंड उघडलं नाही तर झडती अधांतरी लटकते. शिवाय गुण देणाराही तोच. चांगल्या झडतीला आरोळी कडाडून येते. फिकी असली तर चार म्हातारे तेवढे पुटपुटतात, आणि म्हणणाऱ्याला लगेच समजतं.

यात आणखी एक सोय आहे. गावच्या मोठ्या माणसासमोर त्याच्यावरच टीका करायची तर एकट्याला जड जातं. पण सगळ्या गावाने शेवटी आरोळी दिली की तो शब्द एकट्याचा राहत नाही. बघ्यांनी त्यावर जणू अंगठाच उठवलेला असतो.

भुलाबाई : डब्याचा न्याय

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. भुलोजी म्हणजे शंकर, भुलाबाई म्हणजे पार्वती, मांडीवर गणोबा, अशी मातीची जोडी. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी पोट्ट्या घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला वा हादगा हिची बहीणच समजा, फरक एवढा की तिकडे मधे हत्तीचं चित्र असतं आणि आपल्या इकडे हातात टिपऱ्या असतात.

गाणी संपली की खाऊ. पण तो असा मिळत नाही. घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि कानाजवळ वाजवते. पोरींनी आवाजावरून ओळखायचं. गोड का तिखट? भाजलेलं का तळलेलं? शेंगदाणे खडखडतात, चिवडा सळसळतो, शिऱ्याचा आवाजच येत नाही. ओळखलं तर ठीक, नाही तर हार कबूल करायची.

या रचनेचं मला फार कौतुक वाटतं. अर्धा तास पोरी टिपऱ्यांचा ताल धरतात आणि घरची माणसं ऐकतात. मग पारडं फिरतं. वाजवणार घरची माणसं, आणि कान देऊन ऐकणार पोरी. जो इतका वेळ बघ्या होता त्याच्या हाती आता वाद्य आलं, डबा का असेना. सौंसरकडच्या एका घरी मी वही काढून बसलो होतो, तर त्या घरच्या आजी म्हणाल्या, "भाऊ, नुसते पाहून काय राहिले? डबा वाजवा ना!" मी वाजवला. पोरींनी दुसऱ्या फटक्यात ओळखलं, मुरमुरे.

लेझीम : तालाचं गणित

लेझीम हा शब्द फारसीतून आला असं मानतात. मूळची लेझीम म्हणजे साखळी लावलेलं जड धनुष्य, आखाड्यात दंड कमावण्याचं साधन. पुढे लाकडी दांडा आणि झांजांच्या चकत्या असलेली हलकी लेझीम आली आणि तो समूहाचा खेळ झाला. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकार दाखवले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या उद्घाटनातही महाराष्ट्राच्या लेझीमपथकाने मैदान गाजवलं.

मोठ्या मैदानातल्या लेझमीची एक अडचण इंजिनिअरला लगेच दिसते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद. आता ढोल एका टोकाला आणि शेवटची रांग ८५ मीटरवर असेल, तर तिला प्रत्येक ठोका पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणजे बरोबर अर्धा ठोका मागे. ती रांग कानावर विसंबली तर खेळ फसला. म्हणून मोठ्या मैदानात मुलं समोरच्याच्या हाताकडे पाहून खेळतात. ताल तिथे डोळ्यांनी पाळला जातो.

गल्लीतल्या मिरवणुकीत ही अडचण येत नाही, कारण तिथलं रिंगण लहान असतं. आणि ते लहान-मोठं कोण ठेवतं? बघेच. समोरचे जुने खेळाडू हात आडवे करून मागच्यांना रेटतात, जागा करतात. एखाद्या पोराचा दम गेला की रिंगणाबाहेरचा कोणी त्याच्या हातातली लेझीम घेतो आणि पुढच्या ठोक्यावर सुरू करतो. पहिला बाहेर येऊन उभा राहतो, पाणी पितो, आता तो बघ्या.

बघ्यांमुळे खेळ सुधारतो का बिघडतो

या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकलस्वारांचे आकडे तपासले. एकट्याने पळणाऱ्यापेक्षा सोबत कोणी असलेला जोरात जातो, असं त्यांना दिसलं. पण पुढच्या प्रयोगांत कधी फायदा दिसे, कधी तोटा. १९६५ मध्ये रॉबर्ट झायोन्स यांनी हा गुंता सोडवणारं सूत्र मांडलं. जे काम अंगवळणी पडलेलं आहे ते लोकांसमोर अधिक चांगलं होतं. जे अजून शिकतो आहोत ते लोकांसमोर बिघडतं.

भुलाबाईचा महिना या सूत्राशी ताडून पाहा. पोर आधी स्वतःच्या घरी टिपरी धरते, मग शेजारच्या अंगणात, मग गल्लीत, आणि कोजागिरीला सगळ्यांसमोर. हात बसत जातो तसे बघे वाढत जातात. कोणी मानसशास्त्र वाचून हे बसवलेलं नाही, पण बसलंय मात्र चोख.

आता एक दूरचं उदाहरण. १९९८ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीने 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' नावाचा खेळ गेम पार्लरांत आणला. पायाखाली चार बाणांचा पाट, समोर पडदा. पडद्यावर बाण सरकत येतो, त्या क्षणी त्याच बाणावर पाय पडला पाहिजे. तो इतका पसरला की २००६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांच्या व्यायामासाठी तो सरकारी शाळांत नेण्याचं ठरवलं. लेझीम आखाड्यातून शाळेत गेली, हा गेम पार्लरमधून.

यातली मजा अशी की यंत्र फक्त पाय वेळेवर पडला का तेवढंच मोजतं. तरीही काही खेळाडू गिरकी घेतात, हात फेकतात, पडद्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करतात. त्याचा एकही गुण मिळत नाही. ते सगळं मागे उभ्या असलेल्यांसाठी. गुण मोजायला यंत्र असतानाही खेळणाऱ्याला माणसाची आरोळी हवी असते. नागपूरच्या एका मॉलमध्ये असा पाट मी पाहिला. एक मुलगा झकास नाचत होता. भोवती दहा-बाराजण होते, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. गाणं संपल्यावर टाळी वाजली नाही, कारण हात मोकळे नव्हते.

काम नसलेला बघ्या

आता गोटमारीकडे येतो. तिथे पाहणाऱ्याला दोनच वाटा आहेत. काठ धरून दगड उचलायचा, नाहीतर गच्चीवरून पाहायचं. प्रशासनाने बंदोबस्त लावला, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. माणसं जखमी होतात, काही दगावलीही आहेत, आणि म्हणून तिची नोंद होते. पोलिसांची होते, दवाखान्याची होते, वर्तमानपत्रांची होते. भुलाबाईत कोणाचं डोकं फुटत नाही, म्हणून तिची नोंद कुठेच नाही. उद्या कोणी केवळ दप्तरं वाचून पांढुर्ण्याचा इतिहास लिहिला, तर आपण वर्षातून एक दिवस दगड मारणारी माणसं म्हणूनच उरू.

आणि भुलाबाई गल्लीतून उठते आहे, हे मी पाहतो आहे. कारण विचारलं तर लोक टीव्ही, शिकवणी, अभ्यास सांगतात. बायका वेगळं सांगतात. पोरींभोवती नेहमीच दोन प्रकारचे बघे असायचे. एक ओट्यावरचे, ज्यांच्या घरात डबा असायचा. दुसरे पानठेल्यावरचे, ज्यांच्याकडे नुसती नजर असायची. ओट्यावरचे जास्त होते तोवर पानठेला गप्प असे, कारण ओट्यावर त्याचीच मावशी, त्याचीच काकू बसलेली असे. घरांना फाटकं लागली, ओटे गेले, आणि गल्लीत नुसती नजर उरली. तिच्यासोबत आता मोबाईलही आला. पोरगी बारा-तेरा वर्षांची झाली की आई म्हणते, घरातच खेळा. आईचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

बऱ्याच ठिकाणी आता भुलाबाई सभागृहात होते. स्पर्धा, परीक्षक, स्पीकरवर गाणं. मुली सुरक्षित असतात, कपडे छान असतात, टिपरीही चुकत नाही. पण समोर खुर्च्या असतात, आणि खुर्चीवरच्या माणसाला डबा वाजवता येत नाही. खाऊ पाकिटातून वाटला जातो, पाकिटावर नाव छापलेलं असतं.

जुनी गल्ली परत आणा, असं काही मी सुचवत नाही. सभागृहातसुद्धा शेवटी डबा आणता येईल, प्रेक्षकांतल्या बायांच्या हाती देता येईल. तो आयोजकांचा विषय. इतिहासवाल्यांचं काम त्याआधीचं आहे. आपण गाणी उतरवून घेतो, ते चांगलंच आहे, पण गाण्यांसोबत बघेही उतरवून घ्या. पोरी कोणत्या घरापासून निघत, कोणत्या घरी थांबत, कोणाचा ओटा मोठा होता, कोणाचा खाऊ कधीच ओळखता आला नाही, तोरणाखाली सगळ्यात मोठी आरोळी कोणाची असे. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा इथल्या सत्तरीपुढच्या आज्यांना हे सगळं घरांच्या क्रमाने आठवतं. या भाद्रपदाच्या पौर्णिमेआधी प्रत्येक सभासदाने आपल्या गल्लीचा एक नकाशा काढून आणावा, त्यावर ओटे दाखवावेत, आणि कोणत्या घरच्या डब्यात काय निघायचं तेही लिहावं.